पूल नुसता उभा बघून भागत नाही, त्यावरून भरलेला ट्रक पळवून तपासा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पुलांच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येत असतात, अमुक तालुक्यात इतके पूल तपासले, त्यातले इतके धोकादायक निघाले, अमुक पुलावरून जड वाहनं बंद. त्या वाचल्या की मला दर वेळी एकच विचारावंसं वाटतं, की हे पूल तपासताना वरून गाडी गेली तेव्हा पुलाचं काय झालं हे कुणी मोजलं का? मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पुलाचं मॉडेल कॉम्प्युटरवर बनवून त्यावरून ट्रक पळवायचा आणि पूल किती वाकतो, किती थरथरतो, कुठे ताण येतो हे बघायचं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हा विषय मला गप्प बसू देत नाही. पत्र लांबणार आहे, जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

१५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. त्याला महिना व्हायच्या आत ९ जुलैला गुजरातमध्ये महीसागर नदीवरचा गंभीरा पूल सकाळच्या रहदारीत मधूनच तुटला, गाड्या नदीत पडल्या आणि वीसपेक्षा जास्त माणसं गेली. हा पूल १९८५ चा, म्हणजे चाळीस वर्षांचा, इंग्रजांच्या काळातला वगैरे नाही. प्राथमिक चौकशीत पेडेस्टल, म्हणजे गर्डरखालचा काँक्रीटचा ठोकळा, आणि आर्टिक्युलेशन, म्हणजे जिथे एक गर्डर (पुलाची लांब तुळई) दुसऱ्यावर टेकतो तो सांधा, चिरडल्याचं सांगण्यात आलं. पूल फार हादरतो अशी तक्रार लोकांनी आधीच केली होती असंही तेव्हा छापून आलं होतं. हादऱ्यामुळेच पूल पडला असं मी म्हणत नाहीये, तो निष्कर्ष काढायचा मला अधिकार नाही. पण लोक जेव्हा पूल हादरतो म्हणून सांगतात तेव्हा तो किती हादरतो, पूर्वी किती हादरायचा, हे आकड्यात सांगण्याची सोय आपल्याकडे बहुतेक पुलांबाबत नाही आणि ही सोय करणं अवघड अजिबात नाहीये, म्हणून हे पत्र.

आधी हे सांगतो की उभा ट्रक आणि पळणारा ट्रक यात फरक असतो हे माणसाला कळलं कधी. २४ मे १८४७ ला इंग्लंडमध्ये चेस्टरजवळ डी नदीवरचा रेल्वे पूल गाडी वर असताना मोडला, पाच जण मेले. पूल बांधणारा रॉबर्ट स्टीफन्सन, त्या काळातला मोठ्यातला मोठा इंजिनिअर, आणि पूल बिडाच्या गर्डरचा. आता यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुलावरच्या लाकडी फळ्यांना इंजिनाच्या ठिणग्यांनी आग लागू नये म्हणून त्याच दिवशी पुलावर काही इंच जाडीचा खडीचा थर टाकला होता, आणि तो टाकून झाल्यावर जी गाडी गेली तिच्याखाली पूल मोडला. पुलावर वरून वजन वाढवणं किती महागात पडू शकतं याचं हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं उदाहरण आहे, आणि आपण आजही तेच करतोय, त्यावर पुढे येतो.

त्या अपघातानंतर ब्रिटिश सरकारने कमिशन नेमलं आणि केंब्रिजचे प्रोफेसर रॉबर्ट विलिस यांनी पोर्ट्समथच्या गोदीत प्रयोग केले. उतारावरून एक वजनदार गाडी सोडायची, ती खाली येऊन बिडाच्या पट्ट्यांवरून धावत जायची आणि पट्ट्या किती वाकल्या ते मोजायचं. उभ्या गाडीने पट्ट्या जेवढ्या वाकल्या त्याच्या दुपटीपेक्षा जास्त त्या वेगाने जाणाऱ्या गाडीने वाकल्या. मग खऱ्या पुलांवर जाऊन मोजलं तर तिथे वाढ बरीच कमी निघाली, कारण खरा पूल लांब असतो आणि स्वतःच भरपूर जड असतो. म्हणजे वेगाचा परिणाम आहे, पण किती ते पूल आणि गाडी या जोडीवर ठरतं. याच प्रयोगांसाठी जॉर्ज स्टोक्स यांनी १८४९ मध्ये चालत्या वजनाखालच्या पुलाचं समीकरण मांडलं, आम्ही आज जे सॉफ्टवेअरमध्ये करतो त्याचं मूळ तिथे आहे. आपली मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली १८५३ ला, म्हणजे आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी धावायच्या आधीच हे ज्ञान कागदावर आलेलं होतं.

आता आपल्या कोडबद्दल, म्हणजे पूल डिझाइन करायच्या नियमांबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोडमध्ये गाडीच्या धक्क्यासाठी इम्पॅक्ट फॅक्टर दिलेला आहे, क्लास ए लोडिंगसाठी, म्हणजे कोडने ठरवून दिलेल्या एका प्रकारच्या गाड्यांच्या वजनासाठी, काँक्रीटच्या पुलाला ४.५ भागिले (६ अधिक स्पॅन), स्पॅन म्हणजे पुलाच्या दोन आधारांमधलं अंतर, ते मीटरमध्ये घ्यायचं. २० मीटरचा स्पॅन असेल तर उत्तर येतं साधारण १७ टक्के, म्हणजे ट्रकचं वजन १०० असेल तर ११७ धरून डिझाइन करा. लोखंडी पुलाला फॉर्म्युला वेगळा, तिथे त्याच स्पॅनला २७ टक्क्यांच्या आसपास येतं. रेल्वेचे ब्रिज रूल्स आणखी कडक, २० मीटरला जवळपास ४६ टक्के. हे फॉर्म्युले वाईट आहेत असं कुणी समजू नका, त्यांच्यावर बांधलेले हजारो पूल नीट उभे आहेत. पण या फॉर्म्युल्यात फक्त स्पॅनची लांबी आहे. रस्त्याची अवस्था त्यात नाही, जॉइंट म्हणजे पुलाच्या दोन भागांमधला सांधा फुटलाय की शाबूत आहे ते नाही, ट्रकचे पाटे गंजून आखडलेत का ते नाही. नवा पूल डिझाइन करताना हे चालतं कारण तिथे बाकीच्या बाबतीत सेफ्टी ठेवलेली असते. चाळीस-पन्नास वर्षांचा पूल तपासताना मात्र तोच फॉर्म्युला वापरून पूल सुरक्षित आहे म्हणून कागद देणं मला पटत नाही. अमेरिकेच्या कोडमध्ये साध्या भागासाठी ३३ टक्के आणि डेकच्या, म्हणजे गाड्या जातात त्या वरच्या भागाच्या, जॉइंटसाठी वेगळे ७५ टक्के धरायला सांगितलंय, यावरूनच जॉइंटवर काय मार बसतो ते कळेल.

सिम्युलेशनमध्ये नेमकं काय करतात ते सांगतो, कारण कॉम्प्युटर म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी रंगीत चित्रं काढतात. ट्रक म्हणजे वरची बॉडी एक वजन, खाली प्रत्येक एक्सल एकेक वजन, बॉडी आणि एक्सलच्या मध्ये पाटे म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर, एक्सल आणि रस्त्याच्या मध्ये टायर, तोही स्प्रिंगच. पूल म्हणजे लांब गर्डर, त्याची स्वतःची वाकण्याची ताकद, स्वतःचं वजन आणि थोडंसं डॅम्पिंग, म्हणजे थरथर हळूहळू शमवण्याची क्षमता. या दोघांना जोडणारी जागा म्हणजे टायर जिथे टेकतो ती, आणि ती जागा दर क्षणाला पुढे सरकत असते, त्यात रस्ता खालीवर असतो, शिवाय पूल स्वतः खाली जात असतो, म्हणजे ट्रकमुळे पूल वाकतो आणि पूल वाकल्यामुळे ट्रकची उसळी बदलते आणि त्यामुळे परत पुलावरचं वजन बदलतं. हे सगळं सेकंदाचे हजार तुकडे करून एकेक तुकड्याला सोडवत जायचं. न्यूमार्क यांनी १९५९ मध्ये दिलेली पद्धत अजूनही यासाठी वापरतात. साध्या लॅपटॉपवर एका पुलाची एक फेरी बघता बघता होते, त्यामुळे वेगवेगळ्या स्पीडला, वेगवेगळ्या वजनाला, रस्त्याच्या वेगवेगळ्या अवस्थेला भरपूर फेऱ्या चालवता येतात आणि वाईटात वाईट काय होऊ शकतं ते बघता येतं.

यातून जे निघतं ते बहुतेकांच्या समजुतीच्या उलट आहे. लोकांना वाटतं वेग हाच गुन्हेगार. २० मीटरचा पूल घ्या, अशा पुलाची स्वतःची फ्रिक्वेन्सी, म्हणजे धक्का बसल्यावर तो आपोआप ज्या तालात थरथरतो तो, सेकंदाला पावणेसहाच्या आसपास असते, त्यावरून ६० च्या स्पीडने ट्रक गेला आणि रस्ता एकदम गुळगुळीत असेल, जॉइंटही लेव्हलला असेल, तर नुसत्या वेगामुळे होणारी वाढ फार तर ७-८ टक्के. सव्वा सेकंदात ट्रक पुलाबाहेर. म्हणजे कोडच्या १७ टक्क्यांच्या निम्म्याहून कमी. आता त्याच मॉडेलमध्ये पुलाच्या तोंडाशी एक खड्डा घाला, किंवा अप्रोचचा, म्हणजे पुलाला येऊन मिळणाऱ्या रस्त्याचा, भराव खचून रस्ता आणि डेक यांच्यात पायरी तयार झालीय असं दाखवा, की चित्र पालटतं. चाक त्या पायरीवर आदळतं, बॉडी उसळते, आणि उसळलेला ट्रक पुलावर येतो. पाट्यांवरचा भरलेला ट्रक सेकंदाला साधारण तीनदा खालीवर होतो, ६० च्या स्पीडला म्हणजे दर साडेपाच मीटरला एकदा तो पुलाला खाली दाबतो. त्यातला एखादा दाब बरोबर स्पॅनच्या मध्यावर पडला की कोडने धरलेला आकडाही मागे पडू शकतो.

आणि इथे फ्रिक्वेन्सीचा खेळ येतो. स्वित्झर्लंडमधल्या एम्पा या संस्थेने दोनशेहून जास्त रस्ते पुलांवर ट्रक पळवून मोजमापं केली, त्यावरून पुलाची लांबी आणि फ्रिक्वेन्सी यांचं नातं मिळालं. ३० मीटरच्या पुलाला सेकंदाला चारच्या आसपास कंपनं, ४० मीटरला तीन, आणि १० मीटरच्या छोट्या पुलाला अकरा. आता ट्रककडे बघा, पाट्यांवरची बॉडी सेकंदाला तीनच्या जवळपास हलते आणि एक्सल टायरवर जो टणाटण उडतो तो सेकंदाला ८ ते १५ वेळा. म्हणजे ३०-४० मीटरचे पूल ट्रकच्या बॉडीच्या तालात सापडतात आणि ओढ्यावरचे १० मीटरचे पूल एक्सलच्या तालात सापडतात. आपल्या जिल्हा मार्गांवर दुसऱ्या प्रकारचे पूल किती आहेत हे मी वेगळं सांगायला नको, आणि त्यांच्याकडे कुणी बघतही नाही, कारण पेपरमध्ये फोटो येतो तो कृष्णेवरच्या मोठ्या पुलाचा.

वेग कमी केला की धक्का कमीच होणार असंही सरसकट नसतं. स्पीड कमी केल्यावर आदळणं कमी होतं हे खरं, पण एखाद्या पुलाला ४० चा स्पीड ६० पेक्षा वाईट असू शकतो, कारण ठोके कुठे पडतात आणि कोणत्या तालात पडतात ते बदलतं. म्हणून ‘वाहने सावकाश चालवा’ची पाटी लावून प्रश्न सुटला असं धरू नये. पुलाच्या अगदी तोंडाशी ते पांढरे जाड पट्टे मारतात, रंबलर, ते तर मला बघवत नाहीत. अर्ध्या मीटरच्या अंतराने पट्टे असतील आणि ट्रक २० च्या स्पीडने गेला तर सेकंदाला ११ ठोके बसतात, म्हणजे एक्सलच्या तालात बरोबर. एक्सल नाचवून मग ट्रक पुलावर सोडायचा हे कुठल्या हिशोबाने? पट्टे लागत असतील तर ते पुलापासून चांगले मागे घ्या, म्हणजे नाचणं पुलावर यायच्या आत थांबेल.

आता डांबराकडे येतो, ज्यासाठी वर डी पुलाची खडी लक्षात ठेवा म्हटलं होतं. रस्त्याचं नूतनीकरण निघालं की ठेकेदार रस्त्याबरोबर पुलावरही जुन्या थरावर नवा थर ओढून मोकळा होतो. जुना थर खरवडून काढायला वेळ लागतो, मशीन लागतं, कुणाला नको असतं. २० मीटरचा स्पॅन, साडेसात मीटर रुंदी, ५० मिलिमीटरचा थर, याचं वजन होतं १७ टनांच्या वर. म्हणजे प्रत्येक स्पॅनवर दोन एक्सलचा एक भरलेला ट्रक कायमचा उभा करून ठेवल्यासारखं, आणि असे दोन-तीन थर चढलेले पूल मी पाहिलेत. त्यात एक्सपान्शन जॉइंट, म्हणजे डेकला फुगायला-आकसायला ठेवलेली फट, गाडला जातो, उन्हाळ्यात डेक फुगतो तेव्हा वरचं डांबर फुटतं, तिथे खड्डा पडतो, पावसाचं पाणी त्यातून थेट खाली गर्डरच्या टोकावर आणि बेअरिंगवर, म्हणजे गर्डर ज्यावर टेकतो त्या आधारावर, गळतं, आणि वर त्याच खड्ड्यात प्रत्येक चाक आदळतं. वजन वाढलं, धक्का वाढला, गंजणं वाढलं, तिन्ही एकाच कामातून आणि तेही दुरुस्तीच्या नावाखाली. आमच्या भागातल्या एका पुलाच्या जॉइंटबद्दल मी संबंधित ऑफिसला लेखी कळवलं, उत्तरात पुढच्या नूतनीकरणात बघू असं आलं आणि नूतनीकरणात जॉइंटवरून डांबर ओढलं गेलं. मी रागाने लिहीत नाहीये, तिथल्या ज्युनिअर इंजिनिअरला याचे पैसे वेगळे मंजूरच नसतात हे मला माहीत आहे, मंजूर व्हावेत म्हणून तर लिहितोय.

गाळप हंगामातली उसाची वाहतूक हा आमच्या सांगली-कोल्हापूरकडचा खास विषय. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, प्रत्येक ट्रॉली काठोकाठ, आणि अनेक ट्रॉल्यांना पाटे नसतातच, एक्सल थेट चासीला. अशा ट्रॉलीला फक्त टायरचीच काय ती स्प्रिंग, आणि टायरला डॅम्पिंग जवळजवळ नसतं, त्यामुळे एकदा उसळी बसली की ती पूर्ण पूल ओलांडेपर्यंत चालूच राहते. वेग कमी असतो ही जमेची बाजू, पण कारखान्याच्या रस्त्यावरच्या पुलावर चार-पाच महिने दिवसरात्र ही रांग चालते. कोडमधल्या गाड्यांच्या चित्रात डबल ट्रॉली कुठेच नाही. या ट्रॉलीचं मॉडेल करून आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी आपल्या पुलांवर चालवून बघावं, एम.टेक.च्या मुलांना याहून चांगला प्रोजेक्ट मिळणार नाही, ट्रॉली दारात आहे आणि पूलही दारात आहे. शेतकऱ्याच्या आणि वाहतूकदाराच्या विरोधात यातलं काही नाही, ऊस वेळेत कारखान्याला गेलाच पाहिजे, आणि तो जावा म्हणून पूल टिकला पाहिजे.

वजनाचं सांगायचं तर जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा कायद्यानेच वाढवली, चार टायरच्या सिंगल एक्सलला १०.२ टनांवरून ११.५ टन, तीन एक्सलच्या ट्रकला २५ वरून २८.५ टन. वाहतुकीच्या खर्चाच्या दृष्टीने त्याला कारणं असतील. पण पुलाच्या लोखंडाला फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा ताण बसून येणारा थकवा, येतो तो ताणाच्या साधारण घनात, म्हणजे ताण २० टक्के वाढला तर नुकसान १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. वजन वाढल्यावर निदान धक्का तरी कमी करा, तो आपल्या हातात आहे. आणि इथे आमच्या क्षेत्रातली एक दिलासा देणारी गोष्टही सांगितली पाहिजे, ट्रक जितका जड तितका धक्क्याचा टक्का कमी होत जातो, आणि दोन-तीन ट्रक एकत्र पुलावर असले तर त्यांच्या उसळ्या एकाच क्षणी जुळून येतातच असं नाही. लांब पुलांना तर खरा धोका ट्रॅफिक जॅमचा, पूर्ण पूल उभ्या ट्रकनी भरलेला, तिथे धक्का नसतोच. म्हणजे सिम्युलेशन दर वेळी पूल वाईटच दाखवतं असं मुळीच नाही. कित्येकदा उलट होतं, फॉर्म्युल्याने नापास झालेला पूल नीट मोजमाप आणि मॉडेल करून पास होतो, आणि गावाचा २०-२५ किलोमीटरचा वळसा वाचतो. जड वाहनं सरसकट बंद करून हाइट बॅरिअर ठोकण्याआधी एवढं तरी व्हायला हवं, कारण बॅरिअर उंची अडवतो, खडीने भरलेला बुटका डंपर त्याच्याखालून आरामात जातो.

दुसरं, सगळ्या दुर्घटनांना एकच औषध नसतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी बस माणसांसकट गेल्या. ते काम पाण्याचं होतं. पायाखालची माती वाहून जाते तेव्हा वरच्या गाडीचं कितीही बारीक सिम्युलेशन करून उपयोग नाही, तिथे पाण्याखाली उतरून पाया बघावा लागतो. गंजलेली केबल, चिरडलेला सांधा, हे डोळ्यांनी आणि हाताने तपासायचं काम आहे. मी मागतोय ते याच्या जोडीला मागतोय.

तर मागणी काय. आपल्याकडे पुलाची लोड टेस्ट होते तेव्हा भरलेले ट्रक पुलावर उभे करतात, २४ तास ठेवतात, किती वाकला मोजतात, ट्रक काढल्यावर पुढच्या २४ तासांत आरसीसी (साध्या सळ्यांच्या काँक्रीटचा) पूल किमान ७५ टक्के आणि प्रीस्ट्रेस्ड (आधीच ताण दिलेल्या तारांच्या काँक्रीटचा) पूल ८५ टक्के परत वर आला पाहिजे असा नियम आहे. चांगली टेस्ट आहे. पण ट्रक आलेलाच आहे, पूल बंद केलेलाच आहे, सेन्सरची माणसं हजर आहेत, तर त्याच ट्रकला १०, ३०, ५० च्या स्पीडने पुलावरून पळवा, एकदा रस्ता आहे तसा ठेवून आणि एकदा लाकडी फळी आडवी टाकून, आणि पूल किती हलला ते नोंदवा. गर्डरच्या मध्यावर दोन-चार अ‍ॅक्सेलरोमीटर आणि स्ट्रेन गेज, म्हणजे थरथर आणि ताण मोजणारे सेन्सर, पुरतात. ट्रक गेल्यावर पूल जो थोडा वेळ थरथरत राहतो त्यातूनच त्याची फ्रिक्वेन्सी आणि डॅम्पिंग मिळतं, मग मॉडेल त्या आकड्यांशी जुळवून घ्यायचं, आणि असं जुळवलेलं मॉडेल पुढे कायम त्या पुलाच्या फाइलमध्ये ठेवायचं. पाच वर्षांनी परत मोजा. फ्रिक्वेन्सी १० टक्के उतरली असेल तर पुलाचा ताठपणा जवळपास १९ टक्के गेलाय, हे डोळ्याला दिसणाऱ्या भेगेच्या आधी कळू शकतं. उन्हाळा-हिवाळ्याचा थोडा फरक पडतो तो धरावा लागतो, आणि फ्रिक्वेन्सी वाढली म्हणून खूश व्हायचं नाही, कारण बेअरिंग जाम झालं तरी ती वाढते. हे समजून वाचणारा माणूस लागतो, आणि अशी माणसं आपल्या राज्यात भरपूर आहेत.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे ४० मीटरचे, ९७० टनांचे गर्डर लोकांनी टीव्हीवर बघितले असतील. ३२० च्या स्पीडने २५ मीटरचे डबे गेले की गर्डरला सेकंदाला साडेतीनच्या वर ठोके एका तालात बसतात, तो ताल आणि गर्डरचा ताल जुळू द्यायचा नाही हा डिझाइनचा मुख्य भाग असतो आणि तिथे हे गणित टाळताच येत नाही. फ्रान्समध्ये सुरुवातीच्या टीजीव्ही मार्गावर काही छोट्या पुलांवर खडी सैल व्हायला लागली तेव्हा युरोपने यावर मर्यादा घातल्या. म्हणजे हे तंत्र आपल्याच राज्यात, आपल्याच इंजिनिअरांच्या हाताखालून जातंय. तेच थोडं साधं करून तालुक्याच्या पुलापर्यंत यावं एवढंच.

आणि शेवटची एक सूचना, जी मला स्वतःला फार आवडते. २००४ मध्ये तैवानच्या यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पुलावर सेन्सर न लावता, पुलावरून जाणाऱ्या गाडीत सेन्सर लावूनही पुलाची फ्रिक्वेन्सी ओळखता येते. अडचण अशी की रस्त्याच्या खडबडीतपणात तो सिग्नल बुडून जातो, एका फेरीत काही कळत नाही, खूप फेऱ्या लागतात. खूप फेऱ्या मारणारी गाडी आपल्याकडे आहेच की! एसटी. तीच बस, तोच रूट, तोच पूल, वर्षानुवर्षं. प्रत्येक डेपोतल्या दोन-चार बसच्या एक्सलवर सेन्सर आणि जीपीएस लावला तर आधी पुलाच्या कुठल्या जॉइंटवर दणका वाढतोय हे तर महिन्याभरात दिसेल, आणि जॉइंट वेळेत दुरुस्त झाला तर पुलाच्या अर्ध्या दुखण्याला तिथेच आळा बसेल. फ्रिक्वेन्सीचं पुढे बघता येईल. एसटी महामंडळ, बांधकाम खातं आणि एखादं इंजिनिअरिंग कॉलेज अशा तिघांनी एका जिल्ह्यात सुरुवात करावी, सांगलीत करणार असतील तर मॉडेलचं काम मी विनामोबदला करायला तयार आहे आणि माझ्या ओळखीतले आणखी काही जण येतील.

ज्या पुलांचं ऑडिट झालंय त्यांचे रिपोर्ट तालुक्याच्या ऑफिसात आणि वेबसाइटवर लोकांना बघायला ठेवावेत, त्यात पूल किती हलला हा एक आकडा असावा, आणि कारखाने सुरू व्हायच्या आधी ऊस वाहतुकीच्या रस्त्यावरच्या सगळ्या पुलांचे जॉइंट आणि अप्रोच लेव्हलला आणावेत, डांबर खरवडून, वर थर न चढवता. बांधकाम खात्याच्या अधिकाऱ्यांनी यावर तुमच्या पेपरातूनच उत्तर दिलं तर बरं होईल.

आपला,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर वाचक, मिरज